स्वमग्नांची साक्ष

दोन वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई स्वयंपाकघरात काम करता करता त्याला एक बालगीत म्हणून दाखवत असे. एके दिवशी गाणे चालू असतानाच तिच्या हातून पातेले निसटून खाली पडले. त्या दिवसापासून पातेले किंवा तसले भांडे दिसले, की मुलगा त्या गाण्यातले शब्द म्हणू लागला. गाण्यातल्या शब्दांचा पातेल्याशी काडीचाही संबंध नव्हता. बाहेरच्या माणसाला ती निव्वळ बडबड वाटे. आईला मात्र घडलेला प्रसंग ठाऊक होता. तिच्या लेखी मुलगा 'पातेले' म्हणत होता, एवढेच.

ही हकिगत लिओ कॅनर यांनी नोंदवून ठेवली आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते बालमनोविकारतज्ज्ञ होते. १९४३ साली त्यांनी ८ मुलगे आणि ३ मुली अशा ११ मुलांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्याच्या अभ्यासाची सुरुवात बहुतेक पुस्तके या निबंधापासून करतात. (रशियात ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ च्या सुमारास अशाच मुलांचे वर्णन केले होते आणि व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा निबंध १९४४ मध्ये आला. पण तो इतिहास वेगळा आहे.) १९४६ साली कॅनर यांनी या मुलांच्या 'असंबद्ध' बोलण्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवले, की निरर्थक वाटणाऱ्या शब्दांमागे मुलाच्या आयुष्यात खरोखर घडलेला एखादा प्रसंग असतो. तो प्रसंग ज्याला ठाऊक नाही, त्याला अर्थ लागत नाही.

म्हणजे पहिल्या पाच वर्षांच्या आतच एक मोठा धागा हाती आला होता. ही मुले आपल्या अनुभवाविषयी काहीतरी सांगत आहेत, फक्त ऐकणाऱ्याजवळ किल्ली नाही. पुढची चाळीस वर्षे मात्र या बोलण्याचा माग काढण्यापेक्षा त्याची लक्षणांच्या यादीत नोंद करण्याकडेच कल राहिला. स्वमग्न माणसांनी स्वतःचे अनुभव सांगणे, ते कोणीतरी ऐकून घेणे आणि शेवटी त्याला पुरावा म्हणून मान मिळणे, या तीन गोष्टींमध्ये बराच काळ गेला. त्या काळाचा हा इतिहास आहे.

कॅनर यांची नजर बारीक होती. आपल्या मुलांना मोठ्या आवाजांची आणि हलणाऱ्या वस्तूंची भीती वाटते, हे त्यांनी पहिल्याच निबंधात लिहिले. धूळ ओढून घेणारे यंत्र, लिफ्ट, चावीची खेळणी, अगदी अंडी फेटायचे यंत्रसुद्धा मुलांना घाबरवून सोडी. निरीक्षण अचूक होते. पण अनुमान काय काढले? भीती आवाजाची नव्हे, तर आपल्या एकटेपणात होणाऱ्या ढवळाढवळीची. आधार असा, की हीच मुले स्वतः तितकाच मोठा आवाज खुशाल करतात.

तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. तरी वर्गातल्या मुलांना एक प्रश्न विचारून पाहा: स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येतात का? येत नाहीत. आपल्याच हालचालीने होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज मेंदूला आधीच असतो, आणि अंदाज असलेल्या संवेदनेचा जोर मेंदू कमी करतो. आवाजाचेही तसेच. मी स्वतः ताट आपटले तर त्या आवाजाची वेळ मला आधी ठाऊक असते. पाठीमागे दुसऱ्याने आपटले तर नसते. तेव्हा मूल स्वतः गोंगाट करते म्हणून त्याला आवाजाचा त्रास होत नाही, असे सिद्ध होत नाही. ज्याला त्रास होतो त्याला विचारले असते, तर हे लवकर कळले असते. विचारणे त्या मुलांच्या वयात शक्य नव्हते, हे खरे. पण मुले मोठी होतात. कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या आपल्या गावी बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, देशोदेशी प्रवास करून २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला.

इथे आपल्या मराठी शब्दाविषयी थोडेसे. 'ऑटिझम' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरून स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास घडवला, तोही छिन्नमनस्कतेच्या संदर्भात. त्यावरून मराठीत 'स्वमग्न' आले. शब्द सुटसुटीत आहे, रूढही झाला आहे, म्हणून या लेखात तोच वापरला आहे. पण मग्न म्हटले की कोणीतरी आपल्यातच रमले आहे, त्याला इतरांची गरज नाही, असे चित्र डोळ्यांपुढे येते. हे चित्र बाहेरून पाहणाऱ्याचे आहे. आतून आलेल्या कथनांत रमण्यापेक्षा दमछाक अधिक आढळते.

आतून कोणी बोलण्यापूर्वी पालकांची पाळी आली. कॅनर यांनीच या मुलांचे आईवडील भावनाशून्य असल्याचे लिहून ठेवले होते. शिकागोतल्या एका निवासी शाळेचे प्रमुख ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकात त्या मताचे टोक गाठले. स्वतः नाझी छळछावणीतून सुटून आलेल्या बेटेलहाइम यांनी या मुलांची तुलना छावणीतल्या कैद्यांशी केली. मग छळ करणारे कोण, हे वेगळे सांगायला नको. एका पिढीतल्या आयांनी तो आरोप डोक्यावर घेऊन दिवस काढले. त्यांना उत्तर दिले ते बर्नार्ड रिमलंड यांनी. रिमलंड अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ च्या पुस्तकात त्यांनी स्वमग्नतेचे मूळ जीवशास्त्रीय आहे, असे उपलब्ध पुरावे गोळा करून मांडले. १९६५ साली अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये सूझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. त्यातून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट दिसला आणि आईला दोष देण्याचा शास्त्रीय आधार कोसळला.

पालकांनी हा लढा स्वतःच्या अनुभवाच्या जोरावर जिंकला. व्यासपीठे, परिषदा, मासिके त्यांच्या हाती आली. ज्यांच्याविषयी हे सगळे चालले होते, ती माणसे मात्र त्यात कुठेच नव्हती.

१९८६ साली टेंपल ग्रँडिन यांचे 'इमर्जन्स' हे आत्मकथन आले. ग्रँडिन यांचा जन्म १९४७ चा, बॉस्टनचा. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत त्या बोलत नव्हत्या. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या आणि जनावरांना कमी भीती वाटेल अशा गोठ्यांच्या व वाटांच्या रचना करण्यात त्यांनी नाव मिळवले. त्यांच्या कथनातला एक भाग शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

लहानपणी त्यांना कोणी जवळ घेतलेले सहन होत नसे. स्पर्शाचा लोंढा अंगावर आल्यासारखे होई. पण जवळ घेतले जावे ही ओढ मात्र होती. (बाहेरून पाहणाऱ्याने काय नोंदवले असते? 'मुलीला माया नको असते.') शाळेत असताना त्या अ‍ॅरिझोनात मावशीच्या गुरांच्या फार्मवर गेल्या. तिथे लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी आवळून धरणारा सापळा होता. आपल्याकडे गुरांच्या दवाखान्यापुढे खोडा असतो, त्याचाच हा यांत्रिक भाऊ. काही जनावरे बाजूंनी दाब बसताच शांत होतात, हे ग्रँडिन यांनी पाहिले. त्या स्वतः त्यात शिरल्या, आणि कित्येक वर्षांची अस्वस्थता काही वेळ ओसरली. मग अठराव्या वर्षी त्यांनी लाकडाचे तसेच यंत्र स्वतःसाठी बनवले. दाब किती हवा, ते आत बसणाऱ्याच्याच हाती.

शाळेतल्या मानसोपचारकांना हा प्रकार विकृत वाटला; यंत्र काढून घ्यावे असे त्यांचे मत पडले. विज्ञानाचे शिक्षक विल्यम कारलॉक यांनी वेगळे केले. ते म्हणाले, दाबाने शांत का वाटते हे शास्त्राच्या मार्गाने शोधून काढ. त्यासाठी नियतकालिकांतले शोधनिबंध कसे हुडकायचे, कसे वाचायचे, हे त्यांनी शिकवले. अभ्यासात लक्ष नसलेली मुलगी ग्रंथालयात बसू लागली. १९९२ साली, म्हणजे जवळजवळ पाव शतकानंतर, खोल दाबाच्या शांत करणाऱ्या परिणामावर ग्रँडिन यांचा निबंध एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. एका मुलीच्या विचित्र वागण्याला कारलॉक यांनी निरीक्षण मानले होते, आणि त्या निरीक्षणावर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

तरीही १९८६ मध्ये या पुस्तकाचे स्वागत कसे झाले पाहा. प्रस्तावनेत लेखिकेला 'बरी झालेली' ठरवले गेले. स्वमग्न माणूस पुस्तक लिहू शकत नाही. हिने लिहिले आहे. तेव्हा ही आता स्वमग्न नाही. ग्रँडिन यांनी पुढे आपण स्वमग्न होतो आणि आहोत, असे अनेकदा सांगितले. ही पेचाची रचना पुढेही वारंवार दिसते. जो बोलतो तो खरा स्वमग्न नव्हे, म्हणून त्याचे म्हणणे गैरलागू. आणि जो खरा स्वमग्न, त्याला मनाची जाणच नसते, म्हणून त्याचेही म्हणणे गैरलागू.

यातला दुसरा भाग केवळ अडाणीपणातून आलेला नव्हता. १९८५ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा प्रसिद्ध प्रयोग केला. एक बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी ती काढून खोक्यात ठेवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी 'खोक्यात' असे उत्तर दिले. दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज त्यांना आला नाही. प्रयोग चांगला होता, आणि आजही वर्गात करून पाहण्यासारखा आहे. पण त्यावरून एक उडी मारली गेली: ज्यांना दुसऱ्याचे मन कळत नाही त्यांना स्वतःचे तरी काय कळणार? मग त्यांच्या आत्मकथनांना किती किंमत द्यायची?

१९९२ साली ऑस्ट्रेलियाच्या डोना विल्यम्स यांचे 'नोबडी नोव्हेअर' प्रसिद्ध झाले आणि खूप वाचले गेले. त्याच वर्षी त्यांनी जिम सिंक्लेअर आणि कॅथी ग्रँट यांच्यासह 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' ही संघटना काढली. स्वमग्न माणसांनी स्वमग्न माणसांसाठी चालवलेल्या पहिल्या संघटनांपैकी ही एक. पालकांच्या परिषदांत अधूनमधून एखाद्या मोठ्या स्वमग्न माणसाला बोलावले जाई. तो आपली कहाणी सांगे, लोक थक्क होत आणि पुढचे सत्र सुरू होई. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याने स्वतःच पिंजऱ्यापुढे उभे राहून आपली माहिती द्यावी तसे हे आहे, अशी बोचरी तुलना या मंडळींनी केली. अनुभव सांगायला त्यांची ना नव्हती. सांगून झाल्यावर निर्णयात वाटा नाही, हे त्यांना खटकत होते.

१९९३ साली टोरोंटोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून केलेले भाषण या चळवळीचे आद्य दस्तऐवज मानले जाते. त्याचा गाभा असा: निदान झाल्यावर तुम्ही शोक करता तो आम्ही समजू शकतो. पण तो शोक तुमच्या मनातल्या, न जन्मलेल्या मुलाचा आहे. समोर जे जिवंत मूल उभे आहे, त्याच्यासाठी शोक करू नका. आणि ते मूल तुमचा शोक पाहत असते, हेही विसरू नका. सभागृहात बसलेल्या आईबापांना हे सोपे गेले नसणार. ज्यांनी वीस वर्षे आरोप सोसले आणि मुलांसाठी शाळा मिळवल्या, त्यांना आता मुलांच्याच वयाची माणसे सांगत होती की तुमचे दुःखही आमच्यावर ओझे आहे. मला वाटते, दोन्ही बाजूंचा अनुभव खरा होता. या भाषणाचे मोठेपण असे, की दुसऱ्या बाजूचा अनुभव त्या दिवशी व्यासपीठावरून पहिल्यांदा एवढ्या ठामपणे मांडला गेला.

१९९६ पासून या संघटनेने स्वतःची वार्षिक शिबिरे भरवली. शिबिरात छातीवर रंगीत बिल्ले लावण्याची पद्धत रूढ झाली. लाल म्हणजे कृपया माझ्याशी बोलू नका. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी बोला. हिरवा म्हणजे मला बोलायचे आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. हिरव्या बिल्ल्याकडे लक्ष द्या. 'इतरांत रस नाही' या शेऱ्याला तो बिल्ला म्हणजे एका ओळीचे उत्तर आहे. १९९८ च्या सुमारास 'न्यूरोडायव्हर्सिटी', म्हणजे मेंदूंचे वैविध्य, हा शब्द छापील लेखनात आला. त्याचे श्रेय बरीच वर्षे ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी सिंगर यांना दिले गेले. आता अनेक अभ्यासक ती कल्पना अनेकांनी मिळून घडवली असे मानतात.

पुढच्या पिढीने हेच काम रस्त्यावरच्या मोहिमांसाठी वापरले. २००६ मध्ये अ‍ॅरी नीमन यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेत स्वमग्नांची 'सेल्फ अ‍ॅडव्होकसी' संघटना स्थापन केली. डिसेंबर २००७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या बालमानसशास्त्र केंद्राने शहरभर फलक लावले. खंडणीखोराच्या चिठ्ठीसारखा मजकूर, आणि खाली सही 'ऑटिझम'ची: तुमचा मुलगा आमच्या ताब्यात आहे, वगैरे. हेतू जागृतीचा होता. पण 'मला कोणी पळवून नेलेले नाही, मी इथेच आहे' असे सांगणारी पत्रे आणि हजारो सह्या केंद्राकडे गेल्या. अपंगांच्या इतर संघटना बरोबर आल्या. तीन आठवड्यांच्या आत फलक उतरवले गेले.

त्याच सुमारास कायद्याची भाषाही बदलत होती. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार संमत केला. त्याच्या चौथ्या कलमात, अपंगांविषयीचे निर्णय त्यांच्याशी विचारविनिमय करूनच घ्यावेत, असे बंधन आहे. भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. आपल्याकडच्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो प्रथम आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्वतंत्र जागा मिळाली. शाळेने अशा मुलाला प्रवेश देणे आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करणे हा आता उपकार राहिलेला नाही.

विज्ञानाच्या वाचकाला एव्हाना एक शंका आली असेल. एकेकाचा अनुभव म्हणजे पुरावा कसा? शंका रास्त आहे. ग्रँडिन यांचेच उदाहरण घ्या. त्या चित्रांत विचार करतात. शब्द नंतर येतात. सुरुवातीला त्यांचा समज होता, की सर्वच स्वमग्न माणसे असाच विचार करतात. नंतर अनेकांशी बोलल्यावर तो चुकीचा असल्याचे त्यांनीच लिहिले. कोणी आकृतिबंधांत विचार करतो, कोणी शब्दांत. एका माणसाच्या कथनातून प्रमाण कळत नाही, सरासरी कळत नाही. एखादी गोष्ट अस्तित्वात आहे एवढे मात्र कळते, आणि कुठे खणायचे तेही कळते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जो बोलतच नाही, त्याचा अनुभव कोण सांगणार? १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत एका पद्धतीची लाट आली. साहाय्यक व्यक्ती मुलाचा हात धरून टंकफलकावर आधार देई आणि न बोलणारी मुले वाक्येच्या वाक्ये टंकित करत. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. मग काही संशोधकांनी साधी चाचणी घेतली. मुलाला एक चित्र दाखवायचे आणि साहाय्यकाला, मुलाच्या नकळत, दुसरे. टंकित झालेले उत्तर साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचे निघाले! साहाय्यक लबाड नव्हते. आपणच हात हलवत आहोत याची त्यांना जाणीवच नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने ही पद्धत अप्रमाणित असल्याचे जाहीर केले. साक्ष महत्त्वाची असेल, तर ती कोणाची आहे हे तपासणेही तितकेच महत्त्वाचे, हे या प्रकरणाने शिकवले. याउलट मेल बॅग्स यांचे उदाहरण आहे. बॅग्स स्वतः टंकन करून बोलत. त्यांच्या २००७ च्या छोट्या चित्रफितीत पहिली तीन मिनिटे वाहते पाणी, वस्तूंचा स्पर्श, गुणगुणणे एवढेच दिसते. मग यंत्राच्या आवाजात ते सांगतात, की ही माझी भाषा आहे आणि तुम्ही ती भाषा मानत नाही.

अनुभवाचे शास्त्रात रूपांतर कसे होते, याचा उत्तम नमुना म्हणजे मिशेल डॉसन. कॅनडाच्या मॉन्ट्रियल शहरात त्या टपाल वाटण्याचे काम करत होत्या. २००४ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला होता: स्वमग्न मुलांच्या तीव्र वर्तनोपचाराचा खर्च सरकारने करावा का? पालक एका बाजूला, सरकार दुसऱ्या बाजूला, आणि स्वमग्न माणूस एकही नाही. डॉसन यांनी स्वतःहून अर्ज केला आणि न्यायालयाने त्यांचे म्हणणे ऐकले. पुढे मनोविकारतज्ज्ञ लॉरां मोत्रों यांच्या संशोधन गटात त्या रीतसर काम करू लागल्या.

२००७ मध्ये या गटाचा एक निबंध आला. प्रश्न साधा होता. स्वमग्न मुलांची बुद्धी आपण कशाने मोजतो? प्रचलित वेक्सलर चाचणीत बरेचसे प्रश्न तोंडी सूचनांवर आणि सामाजिक जाणकारीवर चालतात. रेव्हनच्या चाचणीत आकृत्यांची मालिका असते आणि गाळलेला तुकडा निवडायचा असतो. बोलावे जवळजवळ लागतच नाही. ३८ स्वमग्न मुलांना दोन्ही चाचण्या दिल्या. वेक्सलर चाचणीत त्यांची सरासरी २६ व्या शतमानाजवळ होती, रेव्हनमध्ये ५६ व्या. म्हणजे ३० शतमानांचा फरक! पहिल्या चाचणीप्रमाणे जवळजवळ एकतृतीयांश मुले मतिमंद गटात पडत होती, दुसऱ्या चाचणीप्रमाणे फक्त ५ टक्के. स्वमग्न नसलेल्या मुलांत असा फरक आढळला नाही. मूल तेच, फूटपट्टी वेगळी. परीक्षेचे गुण देणाऱ्या आपणा सर्वांना यावर घटकाभर थांबून विचार करायला हरकत नाही.

बाहुल्यांच्या प्रयोगावरून मारलेल्या उडीलाही उत्तर आले. ब्रिटनचे समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ मध्ये त्यांनी प्रश्न उलटा फिरवला: स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे मान्य, पण इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कुठे कळते? अडचण दोघांमधल्या दरीत असेल. एडिनबरोच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासले. कानगोष्टींच्या खेळासारखी आठ-आठ जणांची साखळी करून एक गोष्ट पुढे पोचवायला सांगितले. केवळ स्वमग्नांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच टिकली. मिश्र साखळीत ती जास्त गळली. २०२५ मध्ये ३११ जणांवर मोठा प्रयोग झाला, तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. स्वमग्नांची साखळी कमी पडत नाही, हा निष्कर्ष मात्र टिकून राहिला. विज्ञान असेच चालते. आवाज, प्रकाश आणि स्पर्श यांच्या त्रासाविषयी आत्मकथने वर्षानुवर्षे सांगत होती. अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या पुस्तिकेत तो मुद्दा निदानाच्या निकषांत आला २०१३ साली. नजरेला नजर देणे त्रासाचे होते, हेही असेच सांगितले जाई. २०१७ च्या एका मेंदूचित्रण अभ्यासात स्वमग्न व्यक्तींना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहायला लावल्यावर मेंदूच्या खोल भागांत नेहमीपेक्षा अधिक उत्तेजना आढळली. 'माझ्याकडे बघून बोल' हे आपण वर्गात किती सहज म्हणतो!

या साक्षींची सर्वांत कठीण कसोटी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कँटन गावी लागली. तिथे 'जज रोटेनबर्ग सेंटर' ही निवासी संस्था आहे. स्वतःला इजा करणाऱ्या किंवा हिंसक होणाऱ्या मुलामाणसांसाठी या संस्थेने १९९० च्या दशकापासून एक उपकरण वापरले. अंगाला विद्युत्-अग्रे बांधलेली, आणि दूरनियंत्रक कर्मचाऱ्याच्या हाती. नको असलेले वर्तन दिसले की झटका. २००२ साली एका १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने अंगातला कोट काढायला नकार दिला. त्याला पालथे बांधून काही तासांत ३१ झटके देण्यात आले. त्याचे चित्रण २०१२ मध्ये न्यायालयात दाखवले गेले, तेव्हा ते जगाने पाहिले. छळाविरुद्धच्या कामासाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने २०१३ च्या अहवालात या प्रकारावर ताशेरे ओढले.

संस्थेच्या बाजूने काही आईवडील ठामपणे उभे होते, हेही सांगायला हवे. आमचे मूल स्वतःचे डोके भिंतीवर आपटून मेले असते, इतर सर्व उपाय थकले होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचाही तो अनुभवच होता.

२४ एप्रिल २०१४ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तज्ज्ञ समितीची जाहीर सुनावणी ठेवली. तिथे पालक बोलले, डॉक्टर बोलले आणि त्या संस्थेत राहून बाहेर पडलेली माणसेही बोलली. भाजल्याच्या खुणा, झटका कधी बसेल या धास्तीने न येणारी झोप, वर्षांनंतरही न जाणारी भीती, हे त्यांनी सांगितले. प्रशासनाने २०१६ मध्ये बंदीचा प्रस्ताव मांडला आणि मार्च २०२० मध्ये बंदी घातली. वैद्यकीय उपकरणावर संपूर्ण बंदी घालण्याची त्या प्रशासनाच्या इतिहासातली ही तिसरीच वेळ. धोक्यांच्या यादीत वेदना आणि भाजणे यांबरोबर नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर तणाव यांचा उल्लेख होता. त्याबरोबर एक मुद्दा असा होता, की यांतल्या अनेकांना आपला त्रास सांगणे कठीण जाते; म्हणून तक्रारींची नोंद कमी आहे यावरून इजा कमी झाली असे धरता येणार नाही.

जुलै २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ही बंदी रद्द ठरवली. एखादे उपकरण एका कामासाठी चालू ठेवून दुसऱ्या कामासाठी बंद करण्याचा अधिकार कायद्याने प्रशासनाला दिलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. झटके योग्य की अयोग्य, हा त्या निकालाचा विषयच नव्हता. चळवळीने मग मोर्चा कायदेमंडळाकडे वळवला. डिसेंबर २०२२ मध्ये कायदा दुरुस्त होऊन तो अधिकार प्रशासनाला मिळाला, आणि मार्च २०२४ मध्ये प्रशासनाने बंदीचा प्रस्ताव नव्याने प्रसिद्ध करून लोकांची मते मागवली.